देवासच्या चित्रांचे हळदीकुंकू

बाळ आणि ठकू,

रंगूनला तुमच्या खिडकीतून जहाजे दिसतात हे तुम्ही प्रत्येक पत्रात मला कळवता. माझ्या खिडकीतून चिंच आणि तिच्याखाली बांधलेली म्हैस दिसते. तेव्हा आपल्याकडेही काही कळविण्यासारखे असावे, म्हणून यंदा संक्रांत झाल्याबरोबर मी माळव्यात जाऊन आले. आता नगरला परतून, ट्रंक उन्हात घालून, शालींच्या घड्या जागच्या जागी ठेवून मगच लिहायला बसले आहे. तुमचे आजोबा शेजारी बसून म्हणतात, "आधी त्या मिशांचं लिही." पण जे जसे घडले त्याच क्रमाने सांगावे असे मला मडमेच्या शाळेत शिकविले आहे. मिशा त्यांच्या वेळेला येतील.

महू

आगगाडीचे सांगत नाही; आगगाडी तुम्ही पाहिली आहे. खांडव्याला मोठी गाडी सोडून लहान गाडीत बसलो, ती धापा टाकीत घाट चढली. सोबतीला आपला गडी रावजी होता. आपण वाघाला भीत नाही असे तो दर शिमग्याला सांगतो, पण बोगदा आला तेव्हा त्याने माझ्या छत्रीचा दांडा धरून ठेवला आणि उजेड आल्यावर "बाईसाहेब घाबरल्या असतील म्हणून धरला" असे सांगितले.

महूला उतरल्यावर माझ्या शिस्तीनेच मला दगा दिला. मी प्रत्येक नगावर चिठ्ठी डकवून त्यावर इंग्रजीत, वळणदार अक्षरात नाव घातले होते. नगरला याची फार वाखाणणी होते. पण महू ही गोऱ्यांची छावणी. तिथल्या हमालांना इंग्रजी वाचता येत नाही, नुसते ओळखता येते. आणि ज्यावर इंग्रजी ते सामान साहेबाचे, हा त्यांचा सरळ न्याय. माझी ट्रंक कोणा कप्तानाच्या बंगल्यावर गेली आणि आमच्या टांग्यात टोप्यांची गोल पेटी आली. रावजीने ती उघडून पाहिली. आत मडमेची पिसांची टोपी होती.

"बाईसाहेब, टोपी झकास आहे," तो म्हणाला, "पण लुगड्यांचं काय करायचं?"

आम्ही टांगा बंगल्याकडे वळवला. तिथे ट्रंक उघडलेली, तिळगुळाचा डबाही उघडलेला, आणि कप्तानाची छोटी मुलगी पायरीवर बसून तिळगूळ खात होती. तुम्हांला ठाऊक आहे, आजोबांच्या दातांसाठी मी तिळगूळ अगदी मऊ करते. तो बोटाला चिकटतो, टाळूला चिकटतो, आणि या पोरीच्या तर वरच्या ओठावर त्याची अशी छान तिळातिळांची मिशी उमटली होती की कप्तानापेक्षा तीच कप्तान दिसत होती. मडम रुमाल ओला करकरून पुसत होती आणि मिशी काही निघत नव्हती. मडमेने मला इंग्रजीत विचारले, हा खाऊ आहे की डिंक? मी इंग्रजीत सांगितले, खाऊच आहे, पण घाईने खाण्याचा नव्हे. आम्ही ट्रंक घेतली, टोपी दिली, आणि एकमेकींचा चांगल्या शब्दांत निरोप घेतला.

ही मिशी ध्यानात ठेवा.

धार

महूहून धारेला टांग्याने गेलो. आपल्याकडे या दिवसांत रान पिवळे पडायला लागते. माळव्यात जमीन काळी आणि तिच्यावर मैलच्या मैल पांढरी फुले. मला वाटले, कोणी तरी गावभरच्या चादरी वाळत घातल्या आहेत. रावजीने टांगेवाल्याला विचारलेही, "एवढे धुणे कोणाचे?"

टांगेवाला हसून लोटपोट झाला. "धुणो नी हे भिया, अफीम हे अफीम! घणी हवा मत खाजो, नींद आई जायगी."

अफूच्या वाऱ्याने झोप येते म्हटल्यावर पुढचे गाव येईपर्यंत रावजीने नाकाला उपरणे लावले होते. आणि तरीही तो झोपला.

धारेला तुमची बयोआजी, म्हणजे माझी धाकटी बहीण, वाट पाहत होती. तिच्या सासऱ्यांपासून ती मंडळी तिथल्या दरबारच्या नोकरीत आहेत. बयोची भाषा ऐकण्यासारखी झाली आहे. देवापुढे बसली की आपल्या आजीच्या वेळचे शब्द बोलते, जे आता नगरलाही कोणी बोलत नाही; आणि देवघराचा उंबरठा ओलांडला की, "अक्का, तू पहिले पाय धू, फिर आराम से बैठ. अब्बी पाणी गरम करते. आणि सुन, रडू नको हं, मीच रडणारे."

पण रडण्याआधी तिने जेवायला वाढले. त्या दिवशी बाफले होते. कणकेचे गोळे आधी उकडतात, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजतात, मग तुपात बुडवतात आणि वरणाबरोबर कुस्करून खातात. आपल्याकडे भाकरीला तूप लावतात. तिकडे तुपाला बाफला लावतात म्हटले तरी चालेल. मी ठरवून एकच घेतला. बयो म्हणाली, एक खाणे अशुभ. दोन घेतले. ती म्हणाली, दोन म्हणजे देवासच्या दोन गाद्यांसारखे भांडण, तिसरा घे. तिसऱ्यानंतर मी पाटावरून उठले ती थेट गादीवर गेले आणि जागी झाले तेव्हा चहा समोर होता आणि बयो रडत होती.

ती रडत होती तुमच्या विनूकाकासाठी. विनू हा तिचा एकुलता एक. मुंबईच्या कलाशाळेत चित्रे काढायला शिकला आणि देवासच्या एका लहानशा शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून लागला. शाळेच्या माडीवर एक लांब खोली त्याला मिळाली. तिथे तो मुलांना शिकवतो, आणि भिंतींवर मुलांची व स्वतःची नव्या तऱ्हेची चित्रे टांगून वर्षातून एकदा प्रदर्शन मांडतो. आता देवासच्या दोन्ही दरबारांत प्रश्न निघाला होता की चित्रे काढून राज्याला फायदा काय? खोली तरी रिकामी करून घ्यावी. यंदाचे प्रदर्शन पाहून काय तो निकाल व्हायचा होता. वर्ग बंद झाला तर विनूच्या काकांनी त्याच्यासाठी अफूच्या काट्यावर कारकुनाची जागा बोलून ठेवली होती.

"अक्का, तो पोरगा," बयो म्हणाली, "बचपन से कोळशाने भिंती रंगवतो. त्याला अफू तोलायला बसवला तर मरून जाईल गं. हसतो म्हणून कळत नाही कुणाला."

"मग निकाल चांगला लागेल असं पाहायचं," मी म्हणाले.

"निकाल दोन कारभाऱ्यांनी द्यायचा आहे. आणि ते दोघं आजवर एका गोष्टीवर एक झालेले नाहीत. सूर्य कुठे उगवतो यावरसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी तिने मला किल्ला दाखवला, तळे दाखवले आणि तुकडे होऊन पडलेला एक जुना प्रचंड लोखंडी खांब दाखवला. त्या खांबावर मुले घसरगुंडी खेळत होती. रावजीनेही एकदा घसरून पाहिले. मग आम्ही तिघे देवासला निघालो.

देवास

देवास समजून घ्यायला तुम्हांला थोडे डोके शांत ठेवावे लागेल. गाव एक आहे, राजे दोन. फार पूर्वी दोन भावांनी राज्य वाटून घेतले, ते असे की गावातसुद्धा हा रस्ता थोरल्या पातीचा, म्हणजे थोरल्या भावाच्या शाखेचा, तो रस्ता धाकट्या पातीचा. दोन वाडे, दोन दरबार, दोन कारभारी. टेकडीवर देवीसुद्धा दोन आहेत, एक मोठी आणि एक धाकटी, आणि एकीला नारळ वाहून दुसरीला नुसता नमस्कार केला तर पुजारी तुमच्याकडे असे पाहतो की तुम्ही परत खाली उतरून नारळ आणता. मी आणला.

विनूची शाळा दोन्ही पात्यांच्या सोयीने चाले, म्हणून तिथे सगळे समान पाहिजे. माडीवरच्या खोलीची उजवी भिंत थोरल्या पातीची, डावी धाकट्या पातीची. जितकी चित्रे इकडे तितकीच तिकडे, सुतळी लावून एका उंचीवर टांगलेली. इकडे वांग्यांचे चित्र तर तिकडे भोपळ्याचे, इकडे तळ्यातली म्हैस तर तिकडे नदीतली. मला खोली पाहताक्षणीच आवडली. इतक्या सरळ टांगलेल्या चौकटी मी कुठेच पाहिल्या नव्हत्या.

समोरच्या आडव्या भिंतीवर मात्र एकच चित्र होते, बरोबर मध्यभागी. ते दोघांचेही आणि कोणाचेच नाही. तेच विनूचे सर्वांत मोठे, तेलाच्या रंगातले, नव्या पद्धतीचे चित्र. एक बाई खिडकीशी आरसा घेऊन बसली आहे, दुसऱ्या हातात कुंकवाचा करंडा आहे, आणि आता ती कुंकू लावणार, इतक्यात काही तरी आठवून थांबली आहे. अर्ध्या चेहऱ्यावर उजेड, अर्ध्यावर सावली. मी चार पावले मागे गेले, डोळे किंचित मिटले, आणि मला ते फार सुंदर वाटले. चेहऱ्यावर असे गाढ समाधान होते की जणू तिला कशाचीही घाई नव्हती.

"मावशी, आवडलं?" विनू म्हणाला. "मग एक सांगतो, पण आईला नाही सांगायचं."

"सांग."

"समोर बसायला एक बाई मिळेना. आईला विचारलं तर तिने लाटणं उचललं. शेवटी आमचे शास्त्रीबुवा बसले."

शास्त्रीबुवा म्हणजे शाळेतले संस्कृतचे शिक्षक. तेवढ्यात तेच माडीवर आले. साठीचे, गोरेपान, कपाळावर भिवयांपासून वर शेंडीच्या दिशेने गेलेले उभे लाल गंध, आणि ओठावर पांढरी भरघोस मिशी. मी त्यांच्याकडे पाहिले, चित्राकडे पाहिले. मिशी काढा, गंध पुसा, पगडीऐवजी अंबाडा घाला: तीच बाई.

"अगदी हलत नाहीत," विनू माझ्या कानात म्हणाला. "दुपारी बसल्या बसल्या झोपतात. तेच ते समाधान."

शास्त्रीबुवांनी मला नमस्कार केला, चित्राकडे चुकूनही पाहिले नाही, आणि टेकडीवरच्या वाऱ्याबद्दल बोलून घाईने खाली गेले.

प्रदर्शनाचा पहिला दिवस बायकांसाठी राखलेला होता, म्हणजे पडदानशीन घरांतल्याही येतील. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही कारभारी यायचे. बायका नुसती चित्रे पाहायला येणार नाहीत, हे बयोला पक्के ठाऊक. रथसप्तमी जवळ आलेली, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे दिवस. तिने सगळीकडे आमंत्रण धाडले की माडीवर हळदीकुंकू आहे, आणि भिंतींवर चित्रेही आहेत.

बायका लोटल्या. पुरुषांना माडीवर मज्जाव, म्हणून विनू जिन्याखाली बसला. मी सगळ्यांना चित्र कसे पाहावे ते सांगितले: चार पावले मागे उभे राहावे, डोळे किंचित मिटावे. त्या सगळ्या एकदम चार पावले मागे गेल्या आणि मागच्या मेजावरचे गुलाबदाणीचे तबक खाली आले. पण डोळे त्यांनी शिस्तीने मिटले. एकजण तर एकच डोळा मिटून वांग्यांकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "भरताची नाहीत. रस्सा चांगला होईल."

अफूच्या शेताचे एक चित्र होते, पांढरेच पांढरे. ते अजून रंगवायचे राहिले आहे असे सर्वांचे मत पडले.

मग घोळका आडव्या भिंतीशी आला. तिथे मामलेदारीणबाई पुढे झाल्या.

"बाई गोड आहे. पण हिचा एक गाल काळा का?"

"ती सावली आहे," मी म्हणाले. "उजेड खिडकीतून येतो ना."

"मग तिला सांगा, खिडकीकडे तोंड कर."

"आणि कपाळ?" दुसरी म्हणाली. "हातात काकणं, गळ्यात मंगळसूत्र, आणि भरल्या हळदीकुंकवात कपाळ उघडं?"

"हातात करंडा आहे, पाहा. ती आता कुंकू लावणारच आहे."

"केव्हा?"

"आता एवढ्यात."

"आम्ही आलो तेव्हापासून आता एवढ्यातच चाललंय, अक्का."

बयोची अक्का म्हणून मी एव्हाना अवघ्या देवासची अक्का झाले होते. मी नव्या चित्रकलेत क्षण कसा पकडतात ते समजावून सांगू लागले, इतक्यात शास्त्रीणबाई आल्या. शास्त्रीबुवांच्या बायको. ठेंगण्या, चपळ, आणि कुजबुजल्या तरी जिन्याखाली ऐकू जावे असा आवाज. त्या चित्रासमोर आल्या आणि थबकल्या. जवळ गेल्या. चार पावले मागे आल्या. पुन्हा जवळ गेल्या आणि चित्राचा कान पाहिला. मग माझा हात धरून मला बाजूला ओढले.

"अक्का," त्या म्हणाल्या, "ही बाई रोज आमच्या घरात जेवते."

मी घाईने कुंकवाचा करंडा त्यांच्यापुढे धरला.

"दुपारी वर्ग आहे वर्ग आहे म्हणून जातात, तो हा वर्ग. बरं. लुगडं कुणाचं?"

"बयोचं असावं," मी म्हणाले, कारण ते हिरवे लुगडे मी ओळखले होते.

"बयाबाईंचं?" शास्त्रीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. "माझी चांगली अंजिरी पैठणी पेटीत पडली आहे, आणि हे परक्या घरचं नेसून बसले! आणि वर कपाळ असं उघडं? अहो, लग्न झाल्यापासून मी यांना गंधाशिवाय उंबरठा ओलांडू दिलेला नाही. चारचौघांत टांगलंय, आणि गंध नाही!"

एवढे बोलून त्यांनी बोट कुंकवात बुडवले आणि चित्राच्या कपाळावर भिवयांपासून वर सरळ उभे गंध ओढले.

"अहो, रंग ओला आहे!" मी ओरडले. विनूने सकाळीच कपाळावर आणि ओठावर पुन्हा हात फिरवला होता, आणि तेलाचा रंग लवकर वाळत नाही. पण माझे कोण ऐकते! एका सुवासिनीने कुंकू लावले म्हटल्यावर बाकीच्या मागे कशा राहतील? रांग लागली. आपल्या घरांत देवीची तसबीर असते, तिला हळदकुंकू वाहायचे असते. चौकटीतल्या बाईला वेगळे काही करतात हे कोणाच्या गावीही नव्हते. हळद लागली, कुंकू लागले, मनगटाला अत्तर लागले, अंबाड्यात गजरा खोवला तो रंगातच रुतून बसला. पुढ्यात तांदूळ, सुपाऱ्या, बोरे, फण्या, आरसे यांचा ढीग पडला. सर्वांत शेवटी बयो यजमानीण म्हणून आली, हातात माझ्या डब्यातला तिळगूळ.

"बयो, नको," मी म्हणाले.

"वा! सब ने लिया, आणि हिलाच नाही?" ती म्हणाली आणि तिने तिळगूळ चित्राच्या ओठांना लावला. तो तिथेच चिकटला. तिने ओढला. तो डावीकडे लांबला. ती सावरायला गेली तो उजवीकडे लांबला. अखेर वडी हातात आली, पण वरच्या ओठावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या तिळांची एक भरघोस मिशी राहिली.

सगळ्या बायका, कोणी न सांगता, चार पावले मागे गेल्या. डोळे मात्र कोणी मिटले नाहीत.

"अगो बाई," मामलेदारीणबाई म्हणाल्या, "हे तर शास्त्रीबुवा!"

"मग मी केव्हाची काय म्हणतेय!" शास्त्रीणबाई म्हणाल्या.

बायका गेल्यावर विनू वर आला आणि चित्रासमोर जमिनीवर बसला. टर्पिनच्या तेलाने पुसून पाहिले तर कुंकू राहिले आणि भिवई निघाली. मी गरम पाण्याचा बोळा सुचवला. महूच्या मडमेचे आठवून तो मागे घेतला.

"काढून ठेव ते," बयो म्हणाली. ती आता खरेच रडत होती. तिच्याच हाताने झाले होते.

"कसं काढू, आई? मधली भिंत रिकामी दिसेल. तिथे वांगी लावली तर थोरल्या पातीचं एक चित्र कमी होतं. भोपळा लावला तर धाकट्या पातीचं. दोन्ही लावली तर मध्यावर काहीच येत नाही. आणि सकाळी पहिलं विचारतील ते हेच." मग तो हसला, बयोने सांगितलेले ते हसणे, आणि म्हणाला, "जाऊ दे. काटा धरायला शिकायला किती दिवस लागतात, मावशी?"

मला ते हसणे सहन झाले नाही. मी ट्रंक उघडली, माझी चांगली शाल काढली, घडी मोडली आणि चित्रावर पसरली. दोन्ही बाजूंना सारखी लोंबेल अशी. म्हटले, झाकले आहे ते झाकलेले राहील, आणि कोणी विचारले तर अपुरे आहे म्हणून सांगू.

सकाळी दोन्ही कारभारी आले. एकाच क्षणी यावेत म्हणून दोन्ही रस्त्यांवर माणसे उभी केली होती, ती हात दाखवून घोड्यांना हळू वा जलद करीत होती. थोरल्या पातीचे कारभारी बुटके आणि धाकट्या पातीचे उंच, त्यामुळे हार घालणाऱ्यांची तारांबळ झाली. आम्ही बायका गच्चीकडच्या चिकाच्या, म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या, पडद्याआड उभ्या राहिलो. शास्त्रीणबाई माझ्या शेजारी होत्या.

दोघांनी भिंती पाहिल्या. थोरले म्हणाले, "हं." धाकटे म्हणाले, "हं." दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या आधी बरे म्हणेना, वाईटही म्हणेना. माझ्या हातात बयोची नखे रुतत होती.

मग शास्त्रीबुवा मंगल श्लोक म्हणायला उठले. आदल्या दिवशी काय घडले ते त्यांना कोणीही सांगितलेले नव्हते. शास्त्रीणबाई रात्रभर त्यांच्याशी बोललेल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांना छान झोप लागली होती. मध्यावर उभे राहायचे म्हणून ते बरोबर त्या शालीपुढे उभे राहिले, पाठ चित्राला, डोळे मिटलेले, आणि श्लोक सुरू केला.

"या शालीखाली काय आहे?" थोरल्या कारभाऱ्यांनी विचारले.

"अपुरं आहे, सरकार," विनू म्हणाला.

"आम्ही पाहू," थोरले म्हणाले आणि शालीचे उजवे टोक धरले. ते पाहून धाकट्यांनी ताबडतोब डावे धरले. मग एकट्याने ओढणे शक्यच नव्हते. दोघांनी एकमेकांकडे पाहून एकदम ओढले.

वर चित्र. खाली शास्त्रीबुवा. वर गंध, खाली गंध. वर मिशी, खाली मिशी. वर डोळे अर्धे मिटलेले, खाली पुरे मिटलेले. वर बयोचे हिरवे लुगडे आणि गजरा. शास्त्रीबुवा भक्तिभावाने म्हणतच होते.

दोन्ही कारभाऱ्यांची तोंडे लाल झाली. आधी कोण हसणार? थोरल्यांनी उपरणे तोंडाला लावले. धाकट्यांनी छताकडे पाहिले. इतकी शांतता झाली की शास्त्रीबुवांनी डोळे उघडले, सगळे आपल्या डोक्यावर कुठे तरी पाहत आहेत हे ओळखले आणि मागे वळले.

ते बराच वेळ पाहत राहिले. मग आमच्याकडे नव्हे, कारभाऱ्यांकडेही नव्हे, विनूकडे पाहून गंभीरपणे म्हणाले, "मुख उत्तम साधलं आहेस. लुगडं मात्र मला शोभत नाही, हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

आणि चिकाआडून, जिन्याखाली ऐकू जाईल अशी कुजबुज आली: "माझी अंजिरी नेली असती तर शोभली असती!"

दोघे कारभारी एकाच वेळी हसले. कोण आधी हसले हे आजही देवासात कोणाला सांगता येणार नाही. थोरले वांग्यांच्या चौकटीला टेकले, धाकटे भोपळ्याच्या. दोन्ही चौकटी वाकड्या झाल्या, पण सारख्याच वाकड्या झाल्या, म्हणून मीही काही बोलले नाही. चिकाआड सगळ्या बायका हसत होत्या, शास्त्रीबुवाही हसत होते, आणि बयो हसते की रडते ते कळत नव्हते.

डोळे पुसून थोरले म्हणाले, "चित्र आमच्या वाड्यात लागेल."

"आमच्या," धाकटे म्हणाले.

झाले. पुन्हा पहिल्यासारखे. चित्र मधोमध कापावे अशीही एक सूचना आली, पण मग मिशीचे दोन भाग होतात. बराच खल होऊन शेवटी असे ठरले: विनूने याच्यासारखेच दुसरे चित्र काढावे, गंधासह, मिशीसह, गजऱ्यासह. आणि दोन्ही चित्रे तंतोतंत सारखी झाली असे दोन्ही पात्यांना एकमताने वाटेपर्यंत चित्रकलेचा वर्ग व खोली चालू राहावी.

कारभारी गेल्यावर विनू आमच्याकडे आला, तो पडल्या चेहऱ्याने. "मावशी, तंतोतंत सारखं कसं होईल?"

पण बयो माळव्यात जन्म काढलेली. तिला माझ्याआधी उमगले. ती साखरेचा डबा शोधू लागली.

"वेड्या, एकमताने!" ती म्हणाली. "त्या दोघांचं एकमत! अरे, तुझी उमर भर की नोकरी झाली. तुझ्या पोरांचीसुद्धा झाली!"

मी निघाले त्या दिवशी टांगा दाराशी उभा करून माडीवर गेले. दुसऱ्या चित्राला सुरुवात झाली होती. शास्त्रीबुवा आता लुगडे नेसून बसायला तयार नव्हते, कारण शाळेतली मुले त्यांना वाकून, पदर सावरल्यासारखे करून नमस्कार करू लागली होती. त्यामुळे खिडकीशी आरसा घेऊन शास्त्रीणबाईच बसल्या होत्या, अंजिरी पैठणी नेसून. लुगड्याचा रंग निराळा झाला म्हणजे चित्रे तंतोतंत होणार नाहीत, हे मी विनूला हळूच सांगितले. तो म्हणाला, "म्हणूनच, मावशी."

शास्त्रीबुवा समोर उभे राहून बायकोला शिकवीत होते. "हनुवटी खाली. अहं, इतकी नाही. मी धरीत होतो तशी."

"तुम्ही झोपत होतात. सगळं कळलंय मला."

"झोपेत मान स्थिर ठेवणं, तेच तर कठीण आहे."

त्यांनी मान स्थिर ठेवली. माडीवर सकाळचे ऊन आले होते. आणि खरे सांगते, बाळांनो, उघड्या कपाळाची, अर्ध्या सावलीतली ती बाई चित्रातल्या बाईहून कितीतरी सुंदर दिसत होती. विनू भराभर रेघा ओढत होता. शास्त्रीबुवा शिकवायचे सोडून, चार पावले मागे जाऊन, डोळे किंचित मिटून बघत होते.

"झालं का पाहून?" शास्त्रीणबाई न हलता म्हणाल्या. "आणि मिशीचं कसं करायचं ते ठरलं का? मी नाही हो लावणार."

"तू बस निवांत," शास्त्रीबुवा म्हणाले. "मिशीपुरता मी बसेन."